ताकाहाशी, आयाका

(१९ एप्रिल १९९०–    ). प्रख्यात जपानी बॅडमिंटनपटू. जन्म नारा प्रांतातील काशिहारा येथे. महिला दुहेरीत मिसाकी मात्सुतोमो (८ फेब्रुवारी १९९२–    ) हिच्या साथीने खेळून तिने २०१६ साली रीओ दे जानेरो येथील ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविले. बॅडमिंटनमध्ये जपानला लाभलेले ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक होय. ऑल इंग्लंड अजिंक्यपद (२०१६), वर्षाखेरीच्या निवडक आठ जोड्यांच्या अंतिम स्पर्धेचे विजेतेपद (२०१४ व २०१८) आणि ऊबर चषक जिंकणाऱ्या जपानी संघातील सहभाग (२०१८), ही तिची इतर प्रमुख यशे होत. ऑगस्ट २०२० मध्ये ती निवृत्त झाली.

जपानी रीतीनुसार तिचे आडनाव आधी व नाव नंतर येते. तिच्याच काळात व तिच्याच संघात सायाका ताकाहाशी ही एकेरीतील एक नामवंत खेळाडू होती. आडनावे सारखी आणि नावेही जवळजवळ सारखी असल्यामुळे निकालपत्रके वाचताना या दोघींबाबत गफलत होण्याचा संभव असतो. कोशात नोंद करताना दुहेरीच्या खेळाडूबाबत आणखी एक अडचण उद्‌भवते. यश दोघींचे असते, नोंद मात्र एकीच्या नावे करावी लागते. ताकाहाशीची कारकीर्द मात्सुतोमोच्या कारकीर्दीपासून वेगळी काढून सांगता येत नाही. दोघींच्या आडनावांचे आद्यांश जोडून तयार झालेले ‘ताकामात्सु’ हे नावच जपानी वृत्तपत्रांत रूढ होते.

बॅडमिंटनचे आरंभीचे नियम ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीत बसविले आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ या नावानेच ओळखला जाई. जपानमध्ये तो पश्चिमेकडून व पुष्कळ उशिरा आला. नववर्षाच्या सणात मुलींनी लाकडी फळीने पिसे लावलेले बी उडविण्याचा ‘हानेत्सुकी’ हा खेळ तेथे शतकानुशतके चालत आला आहे. परंतु बॅडमिंटनच्या प्रसाराशी त्याचा थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. जपानच्या बॅडमिंटन संघटनेची स्थापना १९४६ साली, म्हणजे युद्धोत्तर पडझडीच्या काळात झाली आणि पुढील वीस वर्षांतच जपानी महिला या खेळात जगात अग्रेसर ठरल्या. महिलांच्या सांघिक अजिंक्यपदाचा ऊबर चषक जपानने १९६६, १९६९ व १९७२ असा लागोपाठ तीन वेळा आणि पुन्हा १९७८ व १९८१ साली जिंकला. ऑल इंग्लंड स्पर्धेच्या महिला दुहेरीत १९७१ साली नोरिको ताकागी व हिरोए युकी यांनी, १९७२, १९७३ व १९७५ साली माचिको आइझावा व एत्सुको ताकेनाका यांनी, १९७७ साली एत्सुको तोगानू व एमिको उएनो यांनी आणि १९७८ साली आत्सुको तोकुदा व मिकिको ताकादा यांनी विजेतेपद मिळविले. १९७७ साली स्वीडनमधील माल्म येथे पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या, तेव्हा महिला दुहेरीचा मान तोगानू व उएनो यांनाच मिळाला.

या पिढीचे दुर्दैव असे, की तिच्या भरभराटीच्या काळात बॅडमिंटनला ऑलिंपिकमध्ये स्थान नव्हते. १९७२ च्या म्यूनिक सामन्यांत हा खेळ केवळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवण्यात आला. त्यात महिला एकेरी नोरिको नाकायामा (पूर्वाश्रमीची ताकागी) हिने जिंकली. तथापि पदकांच्या अधिकृत गणनेत तो विजय धरला गेला नाही. महिला दुहेरी तर त्या प्रात्यक्षिकातही नव्हती. १९९२ साली बार्सेलोना येथे बॅडमिंटनला ऑलिंपिकमध्ये रीतसर प्रवेश मिळाला, तोवर जपानचे दिवस सरले होते. चीनने १९८४ साली प्रथमच ऊबर चषक जिंकला आणि त्यानंतर महिला बॅडमिंटनवर चीनचे जवळजवळ अखंड प्रभुत्व प्रस्थापित झाले. ऑलिंपिकमधील महिला दुहेरीचे पहिले सुवर्णपदक १९९२ साली दक्षिण कोरियाने मिळविले. १९९६ पासून २०१२ पर्यंतची पाचही चिनी जोड्यांकडे गेली. ताकाहाशीच्या यशाचे मोल ठरविताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

ताकाहाशी शालेय शिक्षणासाठी नारा सोडून ईशान्येकडील सेंडाई या शहरी गेली. तेथील सेंट अर्सुला गाकुइन एइची हे विद्यालय बॅडमिंटनच्या शिक्षणासाठी ख्यातनाम आहे. मात्सुतोमो ही शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतातील. तीही याच विद्यालयात दाखल झाली. ताकाहाशी तिच्याहून एक इयत्ता पुढे होती. २००७ साली शाळेतच या दोघींची जोडी जमविण्यात आली, ती पुढे तेरा वर्षे टिकली. दुहेरीच्या खेळात जोड्या वारंवार मोडतात व नव्याने जुळतात. दुखापत, निवड समितीचा निर्णय किंवा एकमेकींशी न पटणे यांपैकी कोणतेही कारण त्यास पुरते. शाळेतली जोडी तशीच ऑलिंपिकपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

शालेय शिक्षण संपल्यावर ताकाहाशी २००९ साली निहोन युनिसिस या संगणकव्यवसायातील कंपनीच्या संघात दाखल झाली आणि पुढच्या वर्षी मात्सुतोमोही तेथे आली. जपानमधील बॅडमिंटनची घडी अशा कंपन्यांच्या संघांवर बसलेली आहे. खेळाडू हा कंपनीचा वेतन घेणारा नोकर असतो. त्याचा सराव, प्रवास, वैद्यकीय उपचार यांची तजवीज कंपनी करते आणि तो देशांतर्गत साखळी सामन्यांत कंपनीचे नाव लावून खेळतो. भारतात रेल्वे, तेल कंपन्या किंवा बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या देण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी या व्यवस्थेचे साम्य आहे. मात्र जपानी कंपनीत संघ, प्रशिक्षक व क्रीडागृह ही सर्व कंपनीची स्वतःची असतात. या व्यवस्थेने खेळाडूंना स्थैर्य दिले. तथापि तिच्यात एक दोषही होता. खेळाडूवर पहिला हक्क कंपनीच्या प्रशिक्षकाचा असल्यामुळे राष्ट्रीय संघ म्हणजे स्पर्धेपुरती एकत्र आलेली मंडळी, असे त्याचे स्वरूप होऊन बसले होते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बहुतेक जपानी खेळाडू आरंभीच्या फेरीतच बाद झाले, तेव्हा हा दोष उघड झाला.

त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिण कोरियाचा पार्क जू-बाँग याच्याकडे जपानच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे सोपविण्यात आली. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविलेला पार्क हा दुहेरीतील सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक मानला जातो. त्याने कंपन्यांचे मन वळवून राष्ट्रीय संघाची दीर्घ मुदतीची एकत्रित शिबिरे सुरू केली. २००८ साली तोक्यो येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उघडल्यानंतर या शिबिरांना कायमचे ठिकाणही मिळाले. परक्या देशाच्या, त्यातही कोरियाच्या माणसाने जपानी कंपन्यांच्या प्रस्थापित रीतीत हात घालणे सोपे नव्हते. त्याच्या प्रयत्नांचे पहिले फळ महिला दुहेरीतच दिसून आले. कुमिको ओगुरा व रेइको शिओता या जोडीने जपानमध्ये या खेळाला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मियुकी माएदा व सातोको सुएत्सुना यांनी आधीच्या ऑलिंपिकमधील विजेत्या यांग वेई व झांग ज्येवेन यांना उपांत्यपूर्व फेरीत पराभूत केले आणि चौथा क्रमांक मिळविला. २०१२ साली लंडन येथे मिझुकी फुजी व रेइका काकीइवा यांनी रौप्यपदक मिळविले. जपानचे बॅडमिंटनमधील हे पहिले ऑलिंपिक पदक. लंडनच्या याच स्पर्धेत, पुढील फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या चीन, दक्षिण कोरिया व इंडोनेशिया यांच्या मिळून चार जोड्या बाद ठरविण्यात आल्या होत्या. ताकाहाशी व मात्सुतोमो यांना त्या वेळी जपानच्या ऑलिंपिक संघात स्थान मिळाले नव्हते.

लंडननंतरच्या दोन वर्षांत मात्र त्या दोघी झपाट्याने वर आल्या. मे २०१४ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या ऊबर चषक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जपानची गाठ भारताशी पडली. साइना नेहवाल व पी. व्ही. सिंधू यांनी एकेरीचे सामने जिंकून भारताला चांगला आरंभ करून दिला. परंतु ज्वाला गुट्टा व अश्विनी पोनप्पा यांना ताकाहाशी व मात्सुतोमो यांनी हरविले, उरलेली एकेरीही जपानने घेतली आणि निर्णायक दुहेरीत साइना व सिंधू या एकेरीच्याच खेळाडूंना एकत्र उतरवूनही भारताला यश आले नाही. जपानने ही लढत ३–२ अशी जिंकली. एकेरीतील एकदोन असामान्य खेळाडूंच्या बळावर सांघिक स्पर्धा जिंकता येत नाही, दुहेरीच्या दोन खऱ्या जोड्या असाव्या लागतात, हा धडा भारतीय प्रेक्षकांना त्या दिवशी मिळाला. १९८१ नंतर प्रथमच अंतिम फेरी गाठलेल्या जपानला चीनने ३–१ असे नमविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ताकाहाशी व मात्सुतोमो यांची जोडी जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली आणि डिसेंबरमध्ये दुबई येथील वर्षाखेरीची अंतिम स्पर्धा तिने जिंकली.

या जोडीच्या खेळाचे स्वरूप समजण्यासाठी महिला दुहेरीची काही वैशिष्ट्ये पाहणे आवश्यक आहे. दुहेरीचे क्रीडांगण १३·४ मी. लांब व ६·१ मी. रुंद असते. आक्रमण करताना जोडीतील एक खेळाडू जाळ्यापाशी व दुसरी मागे अशी उभी राहते. बचाव करताना दोघी शेजारीशेजारी येतात. फूल ज्या क्षणी उंच उचलावे लागते, त्या क्षणी आक्रमणाचा हक्क प्रतिपक्षाकडे जातो आणि दोघींना आपली रचना बदलावी लागते. पुरुष दुहेरीत पाचसहा फटक्यांत गुणाचा निकाल लागतो; महिलांचे तडाखे तुलनेने कमी वेगाचे असल्यामुळे ते परतविता येतात आणि एकेका गुणासाठी चाळीसपन्नास किंवा त्याहूनही अधिक फटक्यांची देवघेव चालते. रचना बदलण्याचे हे काम म्हणूनच एका गुणात अनेकदा करावे लागते. कोणी पुढे जायचे व कोणी मागे राहायचे, हे बोलून ठरविण्यास तेथे अवकाश नसतो.

ताकाहाशी ही मागच्या भागाची खेळाडू. उंच उडी घेऊन मारलेला जोरकस तडाखा, त्याच हालचालीतून ऐनवेळी टाकलेले हलके फूल आणि दीर्घ गुणातही न ढळणारा दम ही तिची बलस्थाने. मात्सुतोमो ही अंगाने लहानखुरी व जाळ्यापाशी खेळणारी. प्रतिस्पर्ध्याचे फूल कोठून जाणार याचा अंदाज घेऊन ते वाटेतच अडविण्यात तिचा हातखंडा होता. प्रेक्षकांच्या नजरेत मात्सुतोमोचा गुण मिळविणारा अखेरचा फटका भरे. तो फटका शक्य व्हावा म्हणून मागून सातआठ तडाखे मारून प्रतिपक्षाला दबवून ठेवणारी ताकाहाशी सहसा लक्षात येत नसे. दुहेरीच्या जाणकारांच्या लेखी हे श्रम तितकेच मोलाचे असतात. उलट, बचावात अडकल्यावर ही जोडी काहीशी दुबळी पडे आणि बलदंड चिनी व कोरियन जोड्यांनी तिला अनेकदा याच मार्गाने हरविले. तिची सर्व कारकीर्द २००६ साली लागू झालेल्या २१ गुणांच्या पद्धतीत पार पडली. या पद्धतीत आरंभखेळी कोणाचीही असो, प्रत्येक फेरीचा गुण मिळतोच. त्यामुळे एकदा मोठे अंतर पडले, की ते भरून काढण्यास फारसा वाव उरत नाही. रीओमधील अंतिम सामन्याचे महत्त्व यासाठीही आहे.

२०१६ हे वर्ष या जोडीच्या कारकीर्दीचा कळस ठरले. मार्चमध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी चीनच्या तांग जिनहुआ व त्यान चिंग यांना २१–१०, २१–१२ असे सहज हरविले. महिला दुहेरीचा हा मान जपानला १९७८ नंतर, म्हणजे ३८ वर्षांनी मिळाला. योगायोग असा, की त्याच स्पर्धेत नोझोमी ओकुहाराने महिला एकेरी जिंकली. तेथील जपानचा यापूर्वीचा विजय १९७७ चा, हिरोए युकीचा होता. त्यानंतर नवी दिल्लीतील इंडिया खुली स्पर्धा, इंडोनेशिया खुली स्पर्धा व आशियाई अजिंक्यपद जिंकून ऑगस्टमध्ये ही जोडी पहिले मानांकन घेऊन रीओला दाखल झाली.

साखळी फेरीत त्यांच्या गटात नेदर्लंड्स, थायलंड व भारत यांच्या जोड्या होत्या. पहिल्याच सामन्यात त्यांनी ज्वाला गुट्टा व अश्विनी पोनप्पा यांना २१–१५, २१–१० असे हरविले आणि गटातील तिन्ही सामने जिंकले. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या व्हिव्हियन हू व वून खे वेई यांनी एक डाव घेऊन त्यांना झुंजविले. तिसरा डाव मात्र त्यांनी २१–९ असा जिंकला. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाच्या जुंग क्युंग-उन व शिन सुंग-चान यांच्यावर त्यांनी २१–१६, २१–१५ असा विजय मिळविला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात डेन्मार्कच्या क्रिस्तिना पेडरसन व कामिला रूटर यूल यांनी चीनच्या तांग युआनतिंग व यू यांग यांना बाद केले. चीनच्या जोडीला पुढे ब्राँझपदकही मिळाले नाही.

अंतिम सामना १८ ऑगस्ट रोजी झाला. डॅनिश खेळाडू वयाने व अनुभवाने वडील होत्या. रूटर यूल मिश्र दुहेरीत जागतिक विजेती (२००९) राहिलेली होती, तर पेडरसनने लंडन येथे मिश्र दुहेरीचे ब्राँझपदक मिळविले होते. शरीरयष्टीने उंच असल्यामुळे वरून येणारे त्यांचे तडाखे परतविणे कठीण जाई. पहिला डाव डेन्मार्कने २१–१८ असा घेतला. दुसऱ्यात जपानी जोडीने फुलाची गती वाढवून प्रतिपक्षाला सतत धावते ठेवले आणि तो २१–९ असा जिंकला. तिसरा डाव बरोबरीने चालला. मात्र अखेरच्या टप्प्यात डेन्मार्कने १९–१६ अशी आघाडी मिळविली. सुवर्णपदकासाठी त्यांना दोनच गुण हवे होते. येथून पुढचे पाचही गुण जपानने घेतले. या पाच गुणांत मात्सुतोमो जाळ्यापासून मागे सरली नाही आणि ताकाहाशीने मागून मारा थांबविला नाही. म्हणजे नऊ वर्षे ज्या रीतीने त्या खेळत आल्या होत्या, त्याच रीतीने त्या खेळल्या. धोका टाळण्यासाठी फूल उंच उचलून बचावात जाण्याचा स्वाभाविक मोह त्यांनी आवरला. १८–२१, २१–९, २१–१९ असा हा सामना जिंकून त्यांनी चीनची पाच ऑलिंपिकची परंपरा खंडित केली. भारतीय वाचकांना तो दिवस अन्य कारणाने स्मरत असेल. त्याच दिवशी महिला एकेरीच्या उपांत्य सामन्यात सिंधूने ओकुहाराला हरवून अंतिम फेरी गाठली होती.

यशाच्या या क्षणानंतरचा काळ ताकाहाशीला कठीण गेला. २०१७ साली त्यांनी आशियाई अजिंक्यपद राखले आणि ग्लासगो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत ब्राँझपदक मिळविले. जागतिक अजिंक्यपद मात्र त्यांना कधीच लाभले नाही. ग्लासगोचे ब्राँझ हेच त्यांचे त्या स्पर्धेतील एकमेव पदक. रीओच्या विजयाने जपानमध्ये महिला दुहेरीला जी चालना मिळाली, तिच्यातून त्यांचे सर्वांत प्रखर प्रतिस्पर्धी घरातच निर्माण झाले. युकी फुकुशिमा व सायाका हिरोता या जोडीने ग्लासगो येथे अंतिम फेरी गाठली. २०१८ साली नानजिंग येथे मायू मात्सुमोतो व वाकाना नागाहारा यांनी जागतिक अजिंक्यपद मिळविले, तेही फुकुशिमा व हिरोता यांना हरवून. २०१९ साली बाझेल येथेही अंतिम सामना याच दोन जपानी जोड्यांत झाला व निकालही तोच लागला. एकेकाळी चीनविषयी जे बोलले जाई, तेच आता जपानविषयी बोलले जाऊ लागले.

सांघिक स्पर्धांत या सुबत्तेचा लाभ झाला. मे २०१८ मध्ये बँकॉक येथे जपानने अंतिम सामन्यात थायलंडला ३–० असे हरवून ३७ वर्षांनी ऊबर चषक परत मिळविला. त्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत महिलांच्या सांघिक स्पर्धेचे सुवर्णपदक जपानने चीनला हरवून घेतले. यापूर्वीचे असे पदक १९७० सालचे होते. या दोन्ही संघांत ताकाहाशी होती. जाकार्ता येथे वैयक्तिक महिला दुहेरीत तिला व मात्सुतोमोला चीनच्या चेन चिंगचेन व ज्या यीफान यांच्याकडून हार पत्करून रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. वर्षाखेरीस ग्वांगजौ येथील अंतिम स्पर्धा मात्र त्यांनी जिंकली. रीओनंतरच्या त्यांच्या यशांत हे सर्वांत मोठे होय.

तोक्यो येथे २०२० साली व्हावयाच्या ऑलिंपिकसाठी निवडीचे नियम ठरलेले होते. कोणत्याही देशाच्या जास्तीत जास्त दोन जोड्यांना प्रवेश होता आणि त्यासाठी दोन्ही जोड्या क्रमवारीत पहिल्या आठांत असणे आवश्यक होते. जपानच्या तीन जोड्या या गुणवत्तेच्या असल्यामुळे तिसरीला जागा उरत नव्हती आणि निवडीच्या वर्षात ताकाहाशी व मात्सुतोमो या आपल्या देशात तिसऱ्या होत्या. अन्य जवळजवळ कोणत्याही देशात त्यांची निवड निश्चित ठरली असती. ऑलिंपिक विजेत्या जोडीला स्वतःच्या देशात होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये प्रवेश नाकारणारा हा नियम निष्ठुर वाटतो; पण त्याच्या अभावी पदकांची फेरी एखाद्या देशाची राष्ट्रीय स्पर्धाच होऊन बसेल, हेही खरे. त्यांची आशा संपूर्ण मावळली नव्हती. तथापि मार्च २०२० मध्ये करोना महामारीमुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धा थांबल्या आणि ऑलिंपिक सामने एक वर्ष पुढे ढकलण्यात आले. ज्यांना मागून गाठायचे होते, त्यांना या वर्षाने आणखी संधी दिली, असे वरवर पाहता म्हणता येईल. तीस वर्षांच्या ताकाहाशीला ते तसे वाटले नाही. आणखी एक वर्ष शरीर व मन त्याच तयारीत ठेवणे आपल्याला शक्य नाही, असे तिने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले आणि निवृत्ती जाहीर केली.

एकेरीचा खेळाडू निवृत्त होतो, तेव्हा एकाच कारकीर्दीचा शेवट होतो. येथे अठ्ठावीस वर्षांच्या मात्सुतोमोचा महिला दुहेरीतील प्रवासही त्याच दिवशी थांबला. नवी साथीदार घेऊन आरंभापासून सुरुवात करण्याऐवजी तिने मिश्र दुहेरीकडे वळण्याचे ठरविले आणि युकी कानेको याच्यासमवेत ती आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळू लागली. मिश्र दुहेरीत स्त्री खेळाडूचे स्थान प्रामुख्याने जाळ्यापाशी असल्यामुळे तिच्या कौशल्याला हा प्रकार अनुकूल होता.

तोक्यो ऑलिंपिक २०२१ च्या उन्हाळ्यात प्रेक्षकांविना पार पडले. फुकुशिमा व हिरोता यांना चेन चिंगचेन व ज्या यीफान यांनी उपांत्यपूर्व फेरीत हरविले. हिरोता गुडघ्याला दुखापत झालेली असताना आधार बांधून खेळत होती. मात्सुमोतो व नागाहारा याही त्याच फेरीत दक्षिण कोरियाच्या जोडीकडून पराभूत झाल्या. सुवर्णपदक इंडोनेशियाच्या ग्रेशिया पोली व अप्रियानी राहायू यांना मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चिहारू शिदा व नामी मात्सुयामा यांनी जपानला महिला दुहेरीचे ब्राँझपदक मिळवून दिले. पॅरिसपर्यंतच्या ऑलिंपिकांत जपानला बॅडमिंटनमध्ये मिळालेले सुवर्णपदक रीओचे तेवढे एकच आहे.